हलक्या हाताची रेघ

मास्तरांनी बेचाळीस वर्षं कात्री चालवली, पण कात्रीनं त्यांना कधी साधा ओरखडाही काढला नाही. दगा दिला तो काचेच्या पेल्यानं. बायकोला जरा मदत करावी म्हणून हे गृहस्थ लग्नानंतर बहुधा तिसऱ्यांदा भांडी घासायला उभे राहिले, पेला हातातच फुटला आणि उजव्या हाताची तर्जनी आत वळवणारी दोरी तुटली. डॉक्टरांनी ती पुन्हा जोडली. ‘शिवली’ असं ते म्हणाले. आता मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत, टेलर मास्तर. त्यामुळे टाके किती, धागा कुठला, गाठ कशी मारली, हे सगळं त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावरून उतरायच्या आत विचारून घेतलं आणि ‘ठीक आहे’ असा शेरा मारला.

या गोष्टीला सात आठवडे झाले होते. जखम भरली होती, पट्टी सुटली होती. बोट मात्र हट्टाला पेटलं होतं. मूठ वळायला गेलं की बाकीची चार बोटं शहाण्यासारखी आत जात आणि हे एकटं पुढे ताठ राही. मास्तर रस्त्यानं हात हलवत चालले की समोरची माणसं मागे वळून बघत, हे आपल्याला काय दाखवतायत म्हणून.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी एक मऊ चेंडू दिला, एक तक्ता दिला आणि स्पष्टच सांगितलं, “शिवलेली दोरी हलवत राहिलं नाही तर आजूबाजूला चिकटून बसते. दिवसातून चार वेळा बोट वाकवायचं, केलं की तक्त्यात खूण करायची. बाराव्या आठवड्यापर्यंत जेवढं सुटेल तेवढं तुमचं. नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही.”

मास्तरांनी मान डोलावली, चेंडू घरी आणला आणि सोफ्याच्या फटीत ठेवून दिला. खुणा मात्र ते नेमानं करत. गुरुवारी सकाळी बसून सगळ्या आठवड्याच्या.

माणूस आळशी नव्हता. त्यांचा भरवसा दुसरीकडे होता. तो भरवसा होता टाचणीवर.

टाचणी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणापासून बारीक, सरळ आणि जिथे लागायचं तिथे बरोबर टोचणारी, म्हणून हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. आता ती पस्तिशीची झाली होती. एका प्रयोगशाळेत पेप्टाइड बनवायचं काम करत होती आणि नाव काही सुटलं नव्हतं. पेप्टाइड म्हणजे काय, हे तिनं बापाला एकदा गुंड्यांच्या डब्यावरून समजावलं होतं. शरीरातली प्रथिनं म्हणजे वेगवेगळ्या गुंड्यांची लांबच लांब माळ. त्यातला एक छोटा तुकडा, वीस-बावीस गुंड्यांचा, नेमक्या त्याच क्रमानं यंत्रावर ओवायचा. क्रम जमला तर तो तुकडा फाटलेल्या जागेवरच्या पेशींना सांगू शकतो, चला, कामाला लागा. तिनं असे तुकडे एकामागून एक बनवले होते. सोळा नापास झाले होते. सतरावा पास होणार असं दिसत होतं.

मग काय, मास्तरांचा हिशेब सोपा होता. बोटातली दोरी फाटलेली, लेक फाटलेलं सांधायचं औषध करतेय. मग चेंडू दाबत बसायचं कशाला?

एकदा त्यांनी फोनवर एक जाहिरात शोधून काढली होती. इवल्याशा बाटल्या, त्यात पांढरी भुकटी, ‘आठ दिवसांत नवे स्नायू’. “हे तुझंच दिसतंय. मागवू का?” त्यांनी भाबडेपणानं विचारलं. टाचणीनं ते वाचलं आणि तिचा पारा चढला.

“बाबा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? फक्त प्रयोगशाळेतल्या वापरासाठी. यात काय आहे, किती स्वच्छ आहे, कुणी तपासलंय? माझं सतरा नंबरसुद्धा अजून माणसाच्या अंगात गेलेलं नाही आणि तुम्ही ही बाटलीतली भुकटी टोचून घेणार?”

“नाही गं. तुझंच घेणार. मी थांबतो,” मास्तर म्हणाले आणि खरोखरच थांबले. तिच्या प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका बाजूनं उसवून लोंबत होता. ‘बोट बरं झालं की पहिला तुझा खिसा’ असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतलेला त्यांना खपला नसता, म्हणून टाचणी सात आठवडे लोंबत्या खिशानं हिंडत होती.

आठव्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ती फोटोंचा गठ्ठा घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. महिनाभरानं, एका शुक्रवारी, तिला मोठ्या सरांसमोर उभं राहायचं होतं. सतरा नंबरला पुढे न्यायचं की काम बंद करायचं, ते सर त्या दिवशी ठरवणार होते.

“अगं, थाळ्या कुठे ठेवू मी? डोक्यावर?” टाचणीची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“आई, दहा मिनिटं. बाबा, या, बघा तरी.”

मास्तर चष्मा पुसून आले. तिनं दाखवलं. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये चोवीस छोटे खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाला पेशी वाढवायच्या, अंथरूण घातल्यासारख्या. अंथरूण पुरं झालं की प्लास्टिकच्या बारीक टोकानं मधोमध एक रेघ ओढायची. तीच जखम. मग काही खळग्यांत नुसतं साधं द्रावण घालायचं, काहींत सतरा नंबर. दोन्ही काठांच्या पेशी सरकत सरकत एकमेकींना भेटायला निघतात. अठरा तासांनी पुन्हा फोटो काढायचा आणि जखम किती भरली ते मोजायचं.

“ही वरची रांग साध्या द्रावणाची. ही खालची सतरा नंबरची. दीडपट, बाबा! जखम दीडपट वेगानं भरतेय!”

मास्तरांना आनंदानं काय करू आणि काय नको झालं. खालच्या रांगेतल्या रेघा खरंच मिटत आल्या होत्या. वरच्या आ वासून पडल्या होत्या. त्यांनी आपल्या ताठ बोटाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला म्हणाले, आता तुझे थोडेच दिवस उरले.

मग त्यांची नजर, सवय वाईट, कापाच्या काठाकडे गेली. अठरा तासांनंतरच्या फोटोंवरून ती पहिल्या फोटोंवर आली. रेघ नुकतीच ओढल्यावर काढलेले ते. वरच्या रांगेतल्या रेघा रुंद, काठांना पिसं निघालेली. खालच्या नाजूक, स्वच्छ. त्यांनी पुन्हा पाहिलं. डाव्या हाताचा अंगठा एका रेघेवर ठेवून पाहिला, मग दुसरीवर.

आपण काही बोललोच नाही तर? टाचणी सरांसमोर जाईल, सर खूश होतील, सतरा नंबर पुढे जाईल आणि कधीतरी आपल्या बोटापर्यंत पोचेल. रेघांची मापं काढायला आपल्याला कुणी बोलावलंय? पण बेचाळीस वर्षांत काप चुकलेला दिसूनही त्यांनी कुणाला कोट घडी करून दिला नव्हता, आणि इथे गिऱ्हाईक म्हणजे स्वतःची लेक.

“या रेघा कोणी मारल्या?” त्यांनी विचारलं.

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.”

“वरच्याही?”

“वरच्याही.”

“मग वरच्या मारताना कुणाशी भांडून आली होतीस का?”

टाचणी हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाप हसत नाहीये.

“खालच्या रेघांना तुझा हात हलका पडलाय, बाळ. वर दाबून मारल्यास. रेघ मारायच्या आधी तुला ठाऊक असतं ना, कुठल्या खळग्यात तुझं सतरा जाणार ते?”

“असतं. उजवीकडचे बारा. नेहमीच.” तिनं टक्केवारीचा कागद पुढे सरकवला. “पण बाबा, किती टक्के भरली ते काढताना मी प्रत्येकीची पहिली रुंदी धरलीय.”

“धर की. मला टक्के कळत नाहीत. पण समज, दोन बोळ आहेत, एक रुंद, एक अरुंद. दोन्हीकडची माणसं सारख्याच चालीनं भिंतीपासून निघाली, तर अरुंद बोळातली आधी गळ्यात पडणारच. त्यात औषध कुठे आलं?”

टाचणीनं पट्टी घेतली. मोठ्या करून छापलेल्या फोटोंवरची एकेक रेघ तिनं मोजली. वरच्या रेघा सरासरी एकोणीस मिलिमीटर, खालच्या चौदा. वरच्या रांगेत दोन्ही काठांच्या पेशी मिळून अठरा तासांत नऊ मिलिमीटर सरकल्या होत्या. खालच्या दहा.

“एक मिलिमीटर,” ती म्हणाली. “दीडपट म्हणून नाचत होते मी. आणि हा एक तरी औषधाचा आहे की माझ्या हाताचा, कोण सांगणार?”

“मीसुद्धा हेच करायचो,” मास्तर तिला समजावत म्हणाले. “तुझा शाळेचा गणवेश कापताना ठरवून कधी जास्त कापड घेतलं नाही मी. पण दर वेळी चार बोटं जास्तच सुटायचं. आपल्या माणसाचं असलं की हात आपल्याला विचारत नाही.”

टाचणीनं डोळे पुसायला काहीतरी हवं म्हणून समोरचा कागद ओढला. तो व्यायामाचा तक्ता निघाला. तिनं नाक ओढलं आणि तक्ता जवळ धरला.

“बाबा.”

“काय?”

“आज रविवार. तुम्ही बुधवारपर्यंतच्या खुणा करून ठेवल्यायत.”

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. टाचणीच्या आईनं मात्र सोफ्याच्या फटीत हात घातला आणि चेंडू काढून टेबलावर, बरोबर फोटोंच्या मधोमध ठेवला. “मी रोज बघतेय,” ती म्हणाली. “म्हटलं, बापलेकीचं काय ते बापलेकच बघतील.”

“तुझं औषध येणारच होतं ना,” मास्तर पुटपुटले.

टाचणीला आता खरं वाईट वाटलं. फोटोंचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. रोज जेवताना सतरा नंबरच्या गप्पा तिनंच मारल्या होत्या. “बाबा, सगळं सरळ झालं तरी माणसाला द्यायला आठ-दहा वर्षं लागतील. तुमच्या बोटाकडे चार आठवडे आहेत. सतरा नंबर तुमच्यासाठी नाहीये.”

मास्तरांनी हे ऐकलं, मान खाली घातली आणि चेंडू हातात घेतला. दाबला. कळ थेट कोपरापर्यंत गेली. बोट तळव्यापासून पुरतं चार बोटं लांब थांबलं.

दुसऱ्याच दिवशी टाचणीनं प्रयोग नव्यानं लावला. मास्तरांच्या सांगण्यावरून तिनं प्लेटवर बसेल अशी खाचांची एक पट्टी बनवून घेतली. टोक खाचेतूनच चालवायचं, म्हणजे सगळ्या रेघा एका रुंदीच्या. शिवाय तिनं स्वतःलाच आंधळं करून घेतलं. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा एक जण होता, जाड भिंगाचा, सगळे त्याला ढापण्या म्हणत. त्यानं तीन सारख्या बाटल्या भरल्या. एकीत साधं द्रावण, एकीत सतरा नंबर आणि एकीत सतराच्याच गुंड्या, पण क्रम उलटसुलट करून ओवलेल्या, गुण क्रमाचा की नुसत्या गुंड्यांचा ते कळावं म्हणून. वर फक्त अ, ब, क. कशात काय आहे, ते त्यानं एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पाकिटात घातली.

प्रश्न होता पाकीट ठेवायचं कुठे. “माझ्याकडे नको,” ढापण्या प्रामाणिकपणे म्हणाला. “ताईनं दोनदा विचारलं की मी सांगून टाकीन.” टाचणीचा स्वतःवरही भरवसा नव्हता. मग दोघं पाकीट घेऊन घरी आले.

“काका, हे तुमच्याकडे. उघडायचं नाही.”

मास्तरांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी कोटाच्या अस्तराचा काळा, दुहेरी तुकडा काढला, पाकीट त्यात गुंडाळलं आणि डाव्या हातानं चारी बाजूंनी शिवून टाकलं. टाके असे वाकडेतिकडे आले की त्यांना ते कुणाला दाखवायचीही लाज वाटली.

टाचणीनं ती पिशवी उलटसुलट करून पाहिली. “आता माझी अट. बैठकीच्या आदल्या दिवशी हे टाके तुम्हीच उसवायचे. उजव्या हातानं, छोट्या कात्रीनं. कात्रीच्या कडीत तर्जनी घालून. नाही जमलं तर पाकीट उघडणार नाही आणि मी सरांसमोर रिकाम्या हातानं उभी राहीन.”

“ही जबरदस्ती झाली,” मास्तर म्हणाले.

“झाली.”

पुढचे साडेतीन आठवडे त्या घरात चेंडूचं राज्य होतं. सकाळी चहाआधी चेंडू, दुपारी जेवणाआधी चेंडू, मग गुंड्यांचा डबा पालथा करून तर्जनी आणि अंगठ्यानं एकेक गुंडी उचलायची. आई समोर बसून मोजत असे आणि मास्तरांनी अंगठा-मधल्या बोटाची चलाखी केली की ती गुंडी परत डब्यात टाकत असे. तक्त्यावरच्या खुणाही आता तीच करी. चेंडू दिवसातून दोनदा कपाटाखाली जाई आणि मास्तर त्याला शिव्या घालत काठीनं बाहेर ओढत. बोट दुखे, रात्री ठणके. पण चार बोटांचं अंतर तीनवर आलं, तीनचं दोनवर. दोनवर येऊन ते आठवडाभर हटूनच बसलं. तेव्हा मास्तर इतके चिडले की व्यायामवाल्या बाईंनाच त्यांना सांगावं लागलं, “अहो, जरा बेतानं. शिवलेलं पुन्हा तोडाल.”

उत्सुकता तर विचारायला नको. एकदा त्यांनी पाकीट दिव्यासमोर धरून पाहिलं. पण अस्तर स्वतःच निवडलेलं, काळं आणि दुहेरी. काही म्हणजे काही दिसलं नाही. आपल्याच कामाचा असा राग त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी टाचणी आणि ढापण्या टेबलाशी येऊन बसले. सहा प्लेटची मापं झाली होती. अ आणि ब यांच्यात काही फरक नव्हता. क मधल्या जखमा थोड्या लवकर भरत होत्या, सहाही वेळा. पण क म्हणजे कोण? सतरा असेल तर काम उभं राहणार. दुसरं काही निघालं, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. टाचणी नखं खात होती. पस्तिशीच्या बाईनं नखं खाऊ नयेत हे आईनं तिला दोनदा सांगून झालं.

मास्तरांनी छोटी कात्री घेतली. अंगठा एका कडीत गेला. तर्जनी दुसऱ्या कडीच्या तोंडाशी आली आणि अडली. मग ती वाकली आणि आत शिरली.

पहिला टाका सुटायला पाच मिनिटं लागली. डाव्या हातानं रागारागात घट्ट ओढून घातलेले ते टाके, कात्रीचं टोक खाली शिरायलाच जागा नव्हती. “कोणी शिवलंय हे, गाढवानं?” मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“काका, मी मदत करू?” ढापण्यानं विचारलं.

“हात लावून बघ!”

एकूण तीस टाके होते. तीन बाजू सुटल्यावर बोट दमलं, तेव्हा त्यांनी ते थोडा वेळ डाव्या मुठीत धरून ऊब दिली आणि पुन्हा कडीत घातलं. शेवटचा टाका सुटला. मास्तरांनी पाकीट फाडलं, चिठ्ठी उघडली आणि घामानं चष्मा धुरकटल्यानं ती तशीच बायकोपुढे केली.

“क,” टाचणीच्या आईनं वाचलं, “सतरा नंबर.”

ढापण्या ओरडला. टाचणी ओरडली नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडता रडता हसायला लागली.

“किती पण?” मास्तरांनी विचारलं. “दीडपट?”

“अकरा टक्के.”

“अकराच?”

“अकराच, बाबा. पण त्यातला एकसुद्धा माझ्या हाताचा नाही.” मग तिनं त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि हळूहळू मिटवला. तर्जनीचं टोक तळव्याला टेकलं. पुरतं नाही, पण टेकलं. “तुमचं बोट साडेतीन आठवड्यांत किती सुधारलं, माहितीय? सतरा नंबर लाजेल.”

“मग तुझ्या सरांना सांग,” मास्तर म्हणाले, “पुढच्या वेळी चेंडूची माळ ओवा म्हणावं.”

शुक्रवारी सकाळी टाचणी घाईघाईनं निघाली. कागद घेतले, कोट खुंटीवरून ओढला, अंगात घातला आणि सवयीनं लोंबता खिसा वर करायला गेली. खिसा लोंबत नव्हता. पहाटे उठून कुणीतरी तो शिवला होता. दोन टाके लांब होते, एक आखूड, आणि कोपऱ्यात रेघ चांगलीच वाकली होती.

मास्तर दाराआड उभे राहून बघत होते. “जरा वाकडा आलाय,” ते म्हणाले. “सोमवारी उसवून पुन्हा घालतो.”

टाचणीनं महिनाभर समोर येईल त्या रेघेला पट्टी लावली होती. आज तिनं पट्टी काढली नाही. खिशात हात घातला, खोलवर, आणि तो तसाच ठेवून म्हणाली, “उसवाल तर बघा.”